फळीवरचं चार बोटं पाणी

त्यांचं आडनाव थेंबे नव्हतंच मुळी. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि बिचारं तिथंच राहिलं. थेंबे हे नाव चिकटवलं कचेरीतल्या कारकुनानं, कारण हा गृहस्थ दर आठ-नऊ महिन्यांनी एकच अर्ज घेऊन दारात उभा. नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे गळतात, नवीन रबर द्या. कारकून म्हणायचा, "अहो, एवढी नदी अडवलीय, त्यातले चार थेंब गेले तर काय बिघडलं?" की हे तापलेच. "थेंब? तुमच्या घरचा नळ असा गळला असता तर झोप लागली असती का तुम्हाला?" झालं. त्या दिवसापासून थेंबे.

बंधाऱ्याला सात लोखंडी दरवाजे, प्रत्येकावर हातानं फिरवायचं एक मोठं चाक, आणि त्या सातांचे राखणदार थेंबे. राहायचे तिथंच, टोकाच्या दोन खोल्यांत. पहिलीत टेबल, फोन, पातळीचा तक्ता आणि ग्रीसचे डबे; दुसरीत स्वयंपाक आणि दोन खाटा. बायको लवकर गेली. एकुलत्या एका मुलीला त्यांनी त्याच दोन खोल्यांत, चाकांच्या करकरीत वाढवलं. "बाबा माझी वेणीसुद्धा दरवाजा बंद केल्यासारखी घट्ट घालायचा," असं ती अजून सांगते.

गळतीचा त्यांना असा राग, की सांगता सोय नाही. सातही दरवाज्यांच्या खालून झिरपलेलं पाणी पायथ्याच्या एका दगडी पाटात जमायचं आणि तिथून नदीच्या कोरड्या पात्रात निघून जायचं. थेंबेंनी काय केलं, त्या पाटात आडवी एक फळी ठोकली. रोज सकाळी लोखंडी शिडीनं खाली उतरायचं, फळीवरून वाहणाऱ्या पाण्यात हात धरायचा आणि किती बोटं बुडली ते वहीत लिहायचं. वहीच्या डोक्यावर लाल शाईत मथळा : 'वाया गेलेलं पाणी'. आज चार बोटं. आज साडेतीन. आज चार. असं एक दिवस नाही, एक वर्ष नाही, तेरा वर्षं! वहीत पुरावा असला की कधीतरी साहेबांना लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब होता.

लहानपणी मुलगी त्याच पाटात कागदाच्या होड्या सोडायची. होडी फळीवरून पलीकडे गेली की टाळ्या. एकदा तिनं विचारलं, "बाबा, हे पाणी कुठं जातं?"

"वाया," थेंबे म्हणाले.

तेरा वर्षांनी, सतराव्या अर्जानंतर, रबर आलं. मिस्त्री पाठवतो म्हणून कचेरीनं कळवलं, तर थेंबेंनी त्याला हातही लावू दिला नाही. बारा दिवस स्वतः चिखलात उताणे झोपून सातही दरवाज्यांच्या कडा घासल्या, रबर बसवलं, बोल्ट आवळले. तेराव्या दिवशी पाट कोरडा ठणठणीत. फळीवर मुंगी चालत होती. थेंबे शिडीवर बसून त्या मुंगीकडे कितीतरी वेळ कौतुकानं बघत राहिले. पुढं विभागाचं प्रशस्तिपत्रक आलं, ते चौकटीत बसवून टेबलामागच्या भिंतीवर टांगलं गेलं. माणूस मुळात साधा, पण त्या दिवसापासून जरा छाती काढून चालायला लागला, हे मात्र खरं.

दोन वर्षांनी मुलीचं लग्न झालं. दिली कुठं, तर याच नदीच्या तोंडाशी, खाडीवर, कालवं पिकवणाऱ्यांच्या घरात. जावई शांत, कामसू. आणि त्याची आई, म्हणजे थेंबेंच्या विहीणबाई, तिच्याबद्दल काय सांगावं! उंच, सडसडीत, हातांवर शिंपल्यांचे शंभर व्रण, आणि बोलणं असं की समोरचा आधी हसतो आणि मग त्याला कळतं की आपल्याला लागलंय. लग्नात तिनं विचारलं, "व्याही, तुम्ही काय करता?" थेंबे ताठ होऊन म्हणाले, "बंधारा सांभाळतो. उन्हाळाभर माझ्याकडून एक थेंब खाली जात नाही."

"वा!" विहीणबाई म्हणाली. तिला तरी काय ठाऊक.

लग्नानंतर चार वर्षांत थेंबे मुलीकडे दोनदा गेले, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दरवाजे दुसऱ्याच्या हातात सोडवत नव्हते ना! पाचव्या वर्षी कचेरीनंच दम दिला, साठलेली रजा घ्या नाहीतर ती गेली. भर कोरड्या दिवसांत बदली माणूस आला. त्याला सातही चाकांच्या सतरा सूचना देऊन थेंबे आठ दिवसांसाठी बसमध्ये बसले.

मुलीच्या घरी पोचले तर ओटीवर खोकी. रोज न लागणारी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून भरलेली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मुलीनं आधी चहा टाकला. पाठमोरी राहूनच म्हणाली, "बाबा, तुला फोनवर सांगणार होते. यांनी शहरात शीतगृहात नोकरी बघितलीय. कालवं मरताहेत. सहा वर्षं झाली, बी धड धरत नाही. आणखी एक हंगाम बघायचा. पुढच्या वर्षीसुद्धा कौलांवर बी बसलं नाही, तर निघायचं."

कौलं म्हणजे घराचीच, पण चुना लावलेली. कोरड्या दिवसांत ती खाडीत रचून ठेवायची; पाण्यात तरंगणारं कालवाचं पिल्लू, टाचणीच्या टोकाएवढं, त्याला चिकटून घर करतं. तेच बी. ते बसलं तर दोन-तीन वर्षांनी कालव हातात. नाही बसलं तर चुना लावलेली कोरी कौलं उचलून आणायची आणि एकमेकांकडे बघायचं नाही.

"आणि विहीणबाई?"

"येतील आमच्याबरोबर. तिसऱ्या मजल्यावर." मुलगी हसायला गेली, पण ते काही जमलं नाही.

तेवढ्यात विहीणबाई मागच्या दारानं आत आली, चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर काढून. "अरे वा, व्याही! दरवाजे कोणाच्या भरवशावर सोडलेत? आता नदी पळून गेली तर?" असं म्हणून तिनं हातातली बरणी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. आत खाडीचं पाणी, हिरवट, गढूळ, पलीकडचं बोट दिसेना. त्यात तिनं दोन जिवंत कालवं सोडली. "चहा प्या, गप्पा मारा, आणि मधूनमधून इकडे लक्ष ठेवा."

थेंबेंना वाटलं, ही काहीतरी थट्टा आहे. पण चहा झाला, जेवण झालं, आणि त्यांचं लक्ष गेलं तर बरणीच्या पलीकडचा खिडकीचा गज दिसत होता. पाणी काचेसारखं. आणि ती दोन कालवं तळाशी दगडासारखी गप्प.

"कोणी बदललं पाणी?" थेंबेंनी विचारलं.

"त्यांनीच गाळलं. एक कालव दिवसाला पिंपभर पाणी गाळतं. पूर्वी या खाडीत अशी लाखो होती. विचार करा, व्याही. अख्खी खाडी गाळून निघायची, न बोलता, फुकट." विहीणबाईच्या आवाजात थट्टा नव्हती. थेंबे बरणीत डोकं घालून बसले ते हलेनात. त्यांचा सगळा जन्म पाण्यावर गेला होता, पण पाण्यात कोणी काम करत असतं हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. हात आपोआप जोडले गेले, आणि विहीणबाईनं बघितलं म्हणून त्यांनी ते घाईनं मिशीवरून फिरवले.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना होडीतून नेलं. खाडी रुंद, सपाट, वारा पडलेला. पाण्यावर हिरवी साय, आणि वास असा की थेंबेंनी रुमाल काढला. तिनं दोरीला बांधलेली बाटली आधी वरच बुडवली आणि पुढं केली. "चाखा. गिळू नका." मग तीच बाटली बूच लावून तळाशी सोडली, दुसऱ्या दोरीनं बूच ओढलं, भरून वर घेतली. "आता हे." दोन्ही खारट. शिवाय दुसऱ्याला नासक्या अंड्याचा दर्प. थेंबे थुंकत राहिले.

"पूर्वी याच दिवसांत दोन्ही चवी निराळ्या लागायच्या," ती म्हणाली. "नदीचं पाणी हलकं. ते वरून तरंगत समुद्राकडे जायचं. समुद्राचं जड, ते खालून आत यायचं. एकाच जागी, एकाच वेळी, वरचं पाणी तिकडे आणि खालचं इकडे! त्या दोघांच्या मधल्या मचूळ पाण्यात आमचं बी वाढायचं. समुद्रातली कालवं खाणारी गोगलगाय आणि शिंपले पोखरणारे किडे मचूळ पाण्यात येत नाहीत, त्यांना खारंच लागतं. आता त्यांना रान मोकळं."

"आणि हे हिरवं?"

"शेतातलं खत आणि गावाचं सांडपाणी. दोन्ही नाल्यानं खाडीत येतं. तसं ते पूर्वीही यायचं, पण पुढं वाहून जायचं, कालवं थोडं खायची. खाडीला खायला लागतंच हो. पण पाण्याचा घोट न देता नुसतं ताटात वाढत सुटलं, तर माणसालासुद्धा ठसका लागतो. हे शेवाळ वाढतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजताना तळाचा सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. तुम्ही आत्ता चाखलंत ना, ते मेलेलं पाणी." तिनं वल्हं पाण्यात टाकलं. "नदीचं पाणी का आटलं, देव जाणे. मी तर समुद्रालाच शिव्या देते. तो काही उलटून बोलत नाही."

थेंबेंनी रुमाल पुन्हा नाकाला लावला. काहीतरी खटकत होतं, पण काय ते त्यांचं त्यांनाही धड कळलं नव्हतं.

कळलं ते संध्याकाळी, स्वयंपाकघरात. तिथं भिंतीवर एक जाड तार ताणलेली होती, आणि तिच्यात शिंपले ओवलेले. दर वर्षी काढलेल्या पहिल्या कालवाचा एक शिंपला, भोक पाडून, तारेत. विहीणबाईच्या सासूपासूनची पद्धत. एकूण त्रेचाळीस वर्षं त्या भिंतीवर टांगलेली. बहुतेक शिंपले तळहाताएवढे, जाड, दगडी. शेवटचे मात्र पापुद्रे सुटलेले, टाचणीनं टोचल्यासारखी भोकंच भोकं पडलेले. बिस्किटासारखे. थेंबेंनी सहज बोट लावलं तर एकाची कड तुटून हातात आली.

"अरे देवा!" ते म्हणाले. मग त्यांनी उजवीकडून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातवा जाड होता.

सहा वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे त्या घरात फक्त एका माणसाला माहीत होतं. त्याच्या प्रशस्तिपत्रकाची चौकट बंधाऱ्यावर भिंतीला टांगलेली होती.

थेंबे स्टुलावर खाली बसले. फळीवरची मुंगी त्यांना दिसायला लागली. आणि मग तिच्यापलीकडे, कितीतरी मागं, एक कागदाची होडी. बाबा, हे पाणी कुठं जातं? ते इथं येत होतं. तेरा वर्षं रोज सकाळी त्यांनी ज्याच्यात बोटं बुडवून शिव्या दिल्या, ते चार बोटं पाणी इथं येऊन हे जाड शिंपले घडवत होतं. त्याच शिंपल्यांवर उभ्या राहिलेल्या घरात त्यांची पोर नांदायला आली होती. आणि त्यांनी बारा दिवस चिखलात झोपून, अगदी मन लावून, तिच्या घराचं पाणी तोडलं होतं.

आता एखादा म्हणेल, त्यात त्यांचा काय दोष? नेमून दिलेलं काम केलं, तेही चोख. बरोबर आहे. पण हे थेंबेंना सांगून बघा! दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. मुलगी म्हणे, बाबाला खारी हवा बाधली. न सांगता निघून जावं, असंही एकदा मनात आलं. कुणाला कधी कळलंच नसतं. तिसऱ्या दिवशी होडीत, किनाऱ्यापासून लांब गेल्यावर, त्यांनी विहीणबाईला सगळं सांगून टाकलं. रबर, बोल्ट, प्रशस्तिपत्रक. काही म्हणता काही राखलं नाही.

विहीणबाईनं वल्हं मारायचं थांबवलं. होडी आपली हळूहळू गोल फिरत राहिली.

"लग्नात तुम्ही मला सांगितलं होतंत," शेवटी ती म्हणाली. "एक थेंब खाली जात नाही. आणि मी वा म्हटलं होतं."

"हो."

"सहा वर्षं मी समुद्राला शिव्या दिल्या, व्याही."

"आता मला द्या," थेंबे म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. शिव्या तिच्याकडे भरपूर होत्या, त्यातली एकही तिनं काढली नाही. "घालवलंत तुम्ही," ती म्हणाली. "आणा आता तुम्हीच. किती बोटं जात होतं ते तरी ठाऊक आहे का?"

ठाऊक आहे का! रजेचे चार दिवस सोडून थेंबे परतले आणि तेरा वर्षांच्या तेरा वह्या पिशवीत घालून कचेरीत गेले. तिथल्या अभियंता बाईसाहेब नव्या होत्या, तरुण, टेबलावर कागदांचा डोंगर. त्यांनी फाइल चाळली आणि कपाळाला हात लावला.

"रबर द्या म्हणून सतरा अर्ज तुमचेच ना?"

"माझेच."

"आणि हा अठरावा?"

"गळती परत हवी म्हणून."

दाराशी कारकून फिसकन हसला. बाईसाहेबांनाही हसू फुटणार होतं, पण थेंबेंनी खिशातून शिंपल्याचा तुकडा काढून कागदावर ठेवला आणि शेजारी वह्यांची चळत. बाईसाहेबांनी एक वही उघडली. मग दुसरी. मग खुर्ची पुढं ओढली. नदीच्या खालच्या अंगाला कोरड्या दिवसांत किती पाणी जात होतं, याची नोंद विभागाकडे कुठंच नव्हती, कारण कागदावर ते जातच नव्हतं. ती नोंद साऱ्या जगात एकाच माणसानं ठेवली होती. तीही रागानं.

"फळीची लांबी सांगा," बाईसाहेब म्हणाल्या.

परवानगी मिळाली ती पुढच्या कोरड्या हंगामापुरती. पाटात फळीवर चार बोटं पाणी राहील एवढाच तिसरा दरवाजा उचलायचा, विहीणबाईनं दर आठवड्याला वरच्या आणि खालच्या पाण्याच्या बाटल्या पाठवायच्या. नाल्यावरची सांडपाण्याची टाकी बंद पडलेली होती, तिच्याबद्दल बाईसाहेबांनी नगरपालिकेला वेगळं खरमरीत पत्र धाडलं. "नुसतं पाणी सोडून भागणार नाही हं," त्या म्हणाल्या. "वरून येणारी घाणही कमी व्हायला हवी."

हंगाम आला. पहिल्या दिवशी थेंबेंनी तिसरं चाक फिरवलं. स्वतः बसवलेलं रबर सुटताना एक उसासा टाकल्यासारखा आवाज आला. पाट ओला झाला, भरला, पाणी फळीवर चढलं. थेंबेंनी खाली उतरून बोटं धरली. चार. वहीला मथळा काय द्यावा हे त्यांना सुचेना, म्हणून नुसतीच तारीख टाकली.

पण हे काही नळ सोडला आणि बादली भरली असं काम नाही. महिनाभरानं विहीणबाईचा फोन. "काय सोडलंत हो हे? आणखीच घाण वास येतोय!" वर्षानुवर्षांचा साचलेला गाळ हलला होता. आणखी महिन्यानं, "वास गेला. बाकी काही नाही. कौलं कोरीच." आणि इकडे बंधाऱ्याचं पाणी उतरत चाललं. बंधाऱ्यातून शेतीला जाणाऱ्या कालव्यावरच्या लोकांचे फोन यायला लागले की आमचं पाणी खाली कशाला सोडता. एका सकाळी बाईसाहेब स्वतः जीपनं आल्या, हातात कागद.

"वरून हुकूम आलाय," त्या म्हणाल्या. "बंद करावा लागेल. मी खूप भांडले, खरंच."

थेंबे म्हणाले, "करतो. आधी आजची बोटं मोजतो." आणि ते शिडी उतरले. मग खालून हाक आली, अशी की बाईसाहेबांना वाटलं म्हातारा पडला. "बाईसाहेब! खाली या! लवकर या हो!"

थेंबे ओल्या दगडावर पालथे पडले होते, नाक पाटाच्या भिंतीला लागेल असे. भिंत शेवाळलेली, फळीवरून उडणाऱ्या तुषारांनी भिजलेली. आणि त्या भिंतीवर दोरे चढत होते. काचेचे दोरे, बोटभर लांब, आरपार दिसणारे, प्रत्येकाला दोन काळे ठिपके. शेकडो, हजारो! एकमेकांच्या अंगावरून, घसरत, पुन्हा चिकटत, वर. पाटात बघावं तर तळ हलत होता. तेरा वर्षं बोटं मोजताना थेंबेंनी या भिंतीकडे कधी वाकून बघितलंच नव्हतं.

"हे काय आहे?" थेंबेंनी कुजबुजत विचारलं.

बाईसाहेब कचेरीच्या कपड्यांतच त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या. "वाम," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज उतरला होता. "वाम माशाची पिल्लं. ही दूर खोल समुद्रात जन्मतात. नदीच्या पाण्याचा वास घेत येतात आणि त्या वासामागं वर चढतात. मी पुस्तकात वाचलं होतं. इथं कधी कुणी पाहिल्याची नोंद नाही."

"माझ्या चार बोटांचा वास?" थेंबे म्हणाले. "अख्ख्या समुद्रात?"

"हो."

थेंबेंनी ओला तळवा भिंतीला टेकवला. एक पिल्लू त्यांच्या करंगळीवर चढलं, थांबलं, आणि तिच्यावरून पुढं निघून गेलं. त्याच्या काचेसारख्या अंगात लाल ठिपक्याएवढं काळीज उडताना दिसत होतं. केवढंसं ते, आणि कुठून आलं! थेंबेंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. आपण एवढी वर्षं एका दाराशी उभे होतो आणि त्या दारापलीकडे एवढं मोठं काहीतरी आत यायची वाट बघत होतं, हे त्यांना सोसवेना. आनंदही सोसवेना.

बाईसाहेबांनी तो कागद घडी करून खिशात घातला. "मोबाइल द्या तुमचा," त्या म्हणाल्या. "माझा जीपमध्ये राहिला. चित्रण करायचंय. हुकूम देणाऱ्यांना आधी हे दाखवते, मग बघू."

ते चित्रण वरिष्ठांनी पाहिलं. कालव्याच्या लोकांनाही दाखवलं. त्यांतले दोघे-तिघे येऊन पालथे पडून बघून गेले. बोंब ठोकणारे ठोकत राहिले, तरी हंगाम संपेपर्यंत दरवाजा उघडा राहिला.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात जावयानं कौलं उचलली. फोन मुलीनं केला. थेंबेंनी उचलला तर पलीकडे नुसता श्वास.

"बाळा? काय झालं? बोल ना!"

"बाबा," ती म्हणाली, "मी खोकी उघडतेय."

त्या वर्षी बी फार नव्हतं. साठ कौलांपैकी जेमतेम विसांवर, आणि तेही विरळ. पण विहीणबाईनं प्रत्येक कौल उन्हाकडे तिरकं धरून बघितलं आणि टाचणीच्या टोकांएवढे ते ठिपके बोटानं मोजले, दोनदा. दुसऱ्या वर्षी नाल्यावरची टाकी कशीबशी सुरू झाली, हिरवी साय निम्म्यावर आली. शेतातलं खत अजून येतंच, त्याचं भांडण अजून चालूच आहे. पण चार बोटं आता कायमची कागदावर चढली, विभागाच्या शिक्क्यानिशी.

तिसऱ्या वर्षी थेंबे पुन्हा रजेवर गेले, आणि यावेळी स्वतः मागून. विहीणबाईनं त्यांना आधी होडीत बसवलं आणि दोन बाटल्या पुढं केल्या. वरचं पाणी मचूळ. खालचं खारट, स्वच्छ. एकच जागा, आणि दोन चवी! थेंबे पुन्हा पुन्हा चाखत राहिले, तशी ती म्हणाली, "पुरे, व्याही, जेवायचं आहे अजून."

घरी स्वयंपाकघरात तारेची मोकळी कड खाली सोडलेली होती. टेबलावर त्या वर्षीचं पहिलं कालव, उघडलेलं, आणि शेजारी भोक पाडायचा हाताचा छोटा गिरमिट. बिस्किटासारखे जुने सगळे शिंपले तारेत जागच्या जागी होते. विहीणबाईनं एकही काढला नव्हता.

"मागची इतकी वर्षं मी सुईनंच टोचत होते," ती म्हणाली. "गिरमिट गंजून गेला होता, काल तेल दिलं. घ्या. तुम्ही पाडा भोक."

"मी?" थेंबे दचकले. "तुमच्या घरची पद्धत आहे ती."

"बाबा, घे ना," मुलगी म्हणाली.

थेंबेंनी शिंपला हातात घेतला. तळहात भरला. त्यांनी तो मांडीवर फडक्यावर ठेवला, गिरमिटाचं टोक टेकवलं आणि फिरवायला लागले. सात दरवाज्यांची चाकं फिरवलेले हात ते, पण टोक काही आत जाईना. पांढरी भुकटी निघत होती, बस. कपाळावर घाम आला. जावई म्हणाला, मी करू का? थेंबेंनी मान हलवली. मुलगी, जावई, विहीणबाई, तिघंही त्यांच्याभोवती उभी राहून बघत होती, ताटं वाढलेली होती, आणि कुणालाच घाई नव्हती.

"जड जातंय का हो, व्याही?" विहीणबाईनं विचारलं.

"फार जड जातंय," थेंबे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

भोक पडायला बराच वेळ लागला.